आधी नकाशा, मग मालक, मग भाव : छोट्या दुकानासाठी गाळा घेताना

दोन वर्षं चार महिने, सत्तावीस गाळे. वारज्यापासून धायरीपर्यंतच्या एजंटांच्या फोनमध्ये माझा नंबर ‘मॅचिंगवाल्या ताई’ या नावाने जपलेला आहे. आमचं शिवणसाहित्याचं दुकान : अस्तर, फॉल, बटणं, लेस, दोरे, झिपा. अकरा वर्षं भाड्याच्या गाळ्यात काढली आणि त्यात दोनदा बिऱ्हाड हलवलं. दुसऱ्यांदा तर फक्त दोनशे पावलं पुढे गेलो होतो, तरी निम्म्या गिऱ्हाइकांनी ‘बंद केलं वाटतं’ म्हणून दुसरं दुकान धरलं. त्या दिवाळीत ठरवलं, आता स्वतःचा गाळा.

सत्तावीसपैकी एकोणीस गाळ्यांवर माझा वेळ फुकट गेला, आणि त्यात दोष माझाच. मी पहिला प्रश्न विचारायची, “किती म्हणतायत?” मग घासाघीस, मग नवऱ्याला दाखवणं, मग सासूबाईंना दाखवणं, मनातल्या मनात रॅक लावून मोकळं होणं, आणि दोन महिन्यांनी कळायचं की नकाशात तिथे पार्किंग आहे. हा लेख त्या उलट्या क्रमाला सुलटा करण्यासाठी आहे. अनुभव पुण्याचा आहे. शुल्काचे आकडे शहरागणिक बदलतात, पण क्रम महाराष्ट्रात कुठेही हाच ठेवा.

खिशाचा खरा हिशेब

घरकर्जाची सवय झालेल्या माणसाला गाळ्याचं कर्ज म्हणजे थंड पाण्याची बादली. आम्ही तीन बँका फिरलो. तिन्हींनी किमतीच्या ६० टक्क्यांच्या आसपासच तयारी दाखवली, व्याज घरकर्जापेक्षा जास्त आणि मुदत कमी. साठ लाखांचा गाळा धरून आकडे मांडते.

बँकेचे ३६ लाख, आपले २४ लाख. पुणे महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के (मूळ ५, त्यावर एक टक्का स्थानिक संस्थेचा आणि एक टक्का मेट्रोचा, मुंबईत ६ टक्के), म्हणजे ४,२०,०००. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,०००. दलाली दोन टक्के मागतात, म्हणजे १,२०,०००. बोलून कमी होते, पण सुरुवातीलाच बोललं तर. वकील, जाहीर नोटीस, बँकेचा प्रोसेसिंगचा खर्च मिळून चाळीस-पन्नास हजार. बेरीज केली तर पदरचे तीस लाख लागतात, आणि अजून एक रॅकही आलेला नाही.

आता हप्ता. ३६ लाख, साडेदहा टक्के, बारा वर्षं : महिना साधारण ४४,०००. तसाच गाळा आमच्या भागात २५,००० भाड्याने मिळत होता. म्हणजे दर महिन्याला १९,००० जास्त, हा स्वतःच्या छपराचा भाव. तो दुकानाला झेपतो का, हे लग्नसराईच्या गल्ल्यावरून ठरवू नका. पितृपक्षाच्या महिन्यात हातात काय उरतं ते वहीत बघा आणि त्यावर हप्ता बसवा. आम्ही पहिल्यांदा दिवाळीच्या आकड्यावर हिशेब केला होता आणि पंच्याहत्तर लाखांचे गाळे बघत फिरत होतो. सहा महिने त्यात गेले.

एक सापळा खास बायकांसाठी. एका एजंटने सांगितलं, “ताई, गाळा तुमच्या एकटीच्या नावावर घ्या, स्टँप ड्यूटीत एक टक्का सवलत आहे.” सवलत आहे, पण निवासी मिळकतीला. गाळ्याला नाही. तसंच पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मालमत्ता करात ४० टक्के सवलत मिळते, तीही गाळ्याला नाही. कर बिगरनिवासी दराने आणि वीजही व्यापारी दराने. हे सगळं पहिल्याच पानावर लिहून ठेवा, म्हणजे नंतर कुणी ‘वाचतील हो पैसे’ म्हणालं की भुलायला होत नाही.

रस्ता बघणं

गाळ्यात शिरण्याआधी समोर तीन वेळा उभं राहा : सकाळी, संध्याकाळी सात वाजता आणि रविवारी. लोक कामावर जाताना कुठल्या बाजूने जातात आणि घरी परतताना कुठल्या, हे बघा. मॅचिंगच्या दुकानाला परतीची बाजू हवी, दुधाच्या दुकानाला सकाळची. मधे दुभाजक असेल तर पलीकडची वस्ती तुमची नाही. दुचाकी लावायला जागा नसेल तर बाई थांबत नाही. ब्लाउजपीस पिशवीत घेऊन ती पुढच्या दुकानात जाते.

रस्त्यावर पुढे कोणतं काम होऊ घातलंय तेही विचारा. सिंहगड रस्त्यावर उड्डाणपुलाचं काम चाललं ती वर्षं तिथल्या छोट्या दुकानदारांनी कशी काढली ते त्यांच्याच तोंडून ऐका. पत्र्यांच्या आड दुकान गेलं की जुनं गिऱ्हाईकही सवय मोडतं.

आणि शेजाऱ्यांशी बोला. पण दुकानदाराशी नाही, तो मालकाच्या ओळखीचा असतो. इस्त्रीवाला, चहावाला, समोरचा भाजीवाला. एकच प्रश्न : “या गाळ्यात आधी कोण होतं आणि का गेलं?” एका चकचकीत गाळ्याबद्दल इस्त्रीवाल्या काकांनी मला सांगितलं, “तिसरं दुकान गेलं बघा तिथून. पावसाळ्यात चेंबर उलटं येतं.” मी आत जाऊन फरशीवरची नवीकोरी चटई उचलली. खाली लोखंडी झाकण.

टेप घेऊन आत जा

एजंटच्या तोंडचा आकडा ‘सेलेबल’ असतो. त्यात भिंती, जिन्याचा वाटा, समोरचा ओटा आणि कधी कधी माळासुद्धा. महारेरा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) आल्यापासून नव्या प्रकल्पात विक्री कार्पेटवरच मोजायची आहे, म्हणजे बाहेरच्या भिंती वगळून आतलं वापरायचं क्षेत्र. पण जुन्या इमारतीतल्या फेरविक्रीत जुनी भाषा अजून जोरात आहे.

साठ लाखांचा, ‘तीनशे फुटांचा’ असा एक गाळा होता. टेप लावली : ११ बाय १७. म्हणजे १८७. तीनशेवर दर वीस हजार रुपये फूट वाटत होता, १८७ वर तो बत्तीस हजार झाला. एजंट म्हणाला, “ओटा धरा ना ताई.” ओटा सोसायटीच्या मोकळ्या जागेत होता.

टेप हातात आहे तोवर आणखी चार मापं घ्या. शटरची मोकळी रुंदी, कारण बोर्ड आणि काउंटर त्यावर ठरतात. मधला कॉलम, असलाच तर भिंतीपासून किती. तुळईखालची उंची, माळा टाकायचा असेल तर. आणि गाळ्याची जमीन रस्त्यापेक्षा वर आहे की खाली. डांबरावर डांबर चढून रस्ता दर काही वर्षांनी उंच होतो, गाळा मात्र आहे तिथेच राहतो. वीजमीटर स्वतंत्र आहे का, कुणाच्या नावावर आहे, आणि स्वच्छतागृह कुठे आहे. शेवटचा प्रश्न विचारला की बहुतेक पुरुष एजंट इकडेतिकडे बघतात. तरी विचारा. दिवसाचे अकरा तास तिथे तुम्ही उभ्या राहणार आहात.

आता नकाशा. इथे घाई नको

गाळा आवडला? भाव विचारू नका. म्हणा, “मंजूर नकाशाची प्रत द्या आणि भोगवटा पत्र द्या.” भोगवटा पत्र म्हणजे इमारत वापरायला हरकत नाही, असा महापालिकेचा दाखला.

हे वाक्य उच्चारल्यावर माझे सत्तावीसपैकी अकरा मालक पुन्हा फोनवर आले नाहीत. वाईट वाटलं, पण फुकटात चाळणी झाली.

नकाशात तुम्ही तीन गोष्टी शोधताय. पहिली : जिथे उभे आहात तिथे ‘दुकान’ लिहिलंय का. पुण्यात इमारतीच्या खालच्या पार्किंगला भिंती घालून आणि शटर बसवून गाळे काढण्याची जुनी चाल आहे. बाहेरून फरक कळत नाही. फरशी तशीच, लाइटचं मीटर तसंच, वर कराची पावतीही असते. पण स्टिल्ट पार्किंग ही स्वतंत्र विकण्याची वस्तूच नाही, बिल्डरला ती विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मुंबईच्या नहालचंद लालूचंद प्रकरणात स्पष्ट केलंय. ती जागा सोसायटीच्या सामाईक हक्काची. म्हणजे विकणारा तुम्हाला जे विकतोय ते मुळात त्याचं नाही.

दुसरी : तळमजल्याचा फ्लॅट फोडून केलेला गाळा. समोरची भिंत काढली, शटर लावलं, झालं दुकान. नकाशात तिथे ‘लिव्हिंग रूम’ असतं. वापर बदलण्याची महापालिकेची परवानगी दाखवली तर पुढे बोला. ‘वीस वर्षं दुकानच चालू आहे’ ही परवानगी नव्हे.

तिसरी : गाळ्याचा किती भाग नकाशात आहे. पुष्कळदा मागचे बारा फूट कायदेशीर असतात आणि पुढचे पाच फूट फ्रंट मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीपुढे मोकळी सोडायच्या जागेत, वाढवलेली शेड. भाव मात्र सतरा फुटांचा. अतिक्रमण विभागाची गाडी आली की पुढचे पाच फूट जातात आणि शटर मागे येतं. हे गाळे घेऊच नयेत असं मी म्हणत नाही. बारा फुटांचा भाव द्या आणि बारा फुटांत धंदा बसतो का ते आधी बघा. विकास आराखड्यात रस्तारुंदी दाखवली असेल तर त्यासाठीही हाच हिशेब.

प्रत मिळत नाही म्हणाले तर? नवा प्रकल्प असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर बऱ्याच मंजुऱ्या टाकलेल्या असतात. जुनी इमारत असेल तर सोसायटीच्या कपाटात नकाशा असतो, सेक्रेटरींना गोडीने विचारा. तिथेही नाही मिळाला तर महापालिकेच्या बांधकाम विभागात माहिती अधिकारात अर्ज करा. अर्जाची फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, प्रतींचा खर्च वेगळा. साठ लाखांपुढे तीस दिवस काहीच नाहीत. पण एजंट तुम्हाला तीस तासही देत नाही, त्यावर पुढे बोलते.

समाविष्ट गावांबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. २०१७ मध्ये धायरी, शिवणे, आंबेगाव अशी अकरा गावं पुणे महापालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी तेवीस. तिथले बरेच गाळे ग्रामपंचायतीच्या काळातले आहेत आणि मालक कागद म्हणून नमुना ८ चा उतारा पुढे करतात. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे. कर कोणाकडून घ्यायचा एवढंच ती सांगते; बांधकाम मंजूर आहे असं ती म्हणत नाही आणि हा माणूस मालक आहे असंही म्हणत नाही. महापालिकेच्या कराच्या पावतीचंही तेच. दोन-दोन गुंठ्यांवरच्या बांधकामांना ‘गुंठेवारीत होऊन जाईल’ असं सांगतात. गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा २००१ चा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात धरली, हे खरं. पण ‘होऊन जाईल’ आणि ‘झालंय’ यात जेवढं अंतर आहे तेवढे पैसे तुमचे अडकतात. नियमित झाल्याचा कागद आधी, व्यवहार नंतर.

मालक कोण

समोर बसलेला माणूस मालक असतोच असं नाही. कधी तो मालकाचा मुलगा असतो, कधी मोठा भाऊ, कधी कुलमुखत्यारपत्र घेतलेला गुंतवणूकदार. केवळ मुखत्यारपत्र आणि साठेखत (पुढे विकण्याचा करार) यांच्या जोरावर मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लँप प्रकरणात सांगून टाकलंय. मालक परदेशात असेल आणि त्याच्या वतीने कुणी सही करणार असेल तर मुखत्यारपत्र वकिलाला दाखवा आणि मूळ मालकाशी व्हिडिओवर तरी बोला.

आम्हाला सर्वांत जास्त रडवलं ते वारसांनी. गाळा वडिलांच्या नावावर, वडील गेलेले, मृत्युपत्र नाही, सोसायटीत थोरल्या मुलाचं नाव नॉमिनी म्हणून. तो म्हणतो, “मीच मालक, हे बघा शेअर सर्टिफिकेट.” नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आई, मुलगे, मुली सगळ्यांचा हक्क. आम्ही चौकशी केली तेव्हा एक बहीण सोलापूरला दिलेली निघाली. भाऊ म्हणाला, “तिचं काय, ती सही देईलच.” आम्ही म्हटलं, तिला येऊ द्या, मग बोलू. ती आली नाही. भावाबहिणीचं बोलणं बंद होतं. तिची नोंदवलेली सही, म्हणजे हक्कसोडपत्र किंवा खरेदीखतावर तिचंही नाव, यावाचून व्यवहार नको म्हणून तो गाळा आम्ही सोडला. सहा महिने त्या गाळ्यावरून जाताना मान दुसरीकडे वळवत होते, इतकी सुंदर जागा होती.

वकील स्वतःचा करा. एजंटचा नको, मालकाचा नको, बँकेच्या वकिलावर तर अजिबात विसंबू नका. तो बँकेचे पैसे सांभाळतो, तुमचे नाही. आमच्या वकीलबाईंनी जे मागितलं ते असं : मूळ खरेदीखतापासून आजपर्यंतची दस्तांची साखळी, प्रत्येकाचा इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाकडचा दस्ताचा गोषवारा), जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (नोंदणी कार्यालयातल्या जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल), सोसायटीचं येणं-बाकी नसल्याचं पत्र, कराची आणि विजेची चालू पावती. कागद झेरॉक्स नको, मूळ बघायचे. गाळा कुठे तारण असेल तर मूळ दस्त तिथे असतात आणि मालक ‘लॉकरमध्ये आहेत’ म्हणतो. बँकांची तारणं केंद्राच्या सरसाई नोंदवहीत बघता येतात. पतसंस्थेचं कर्ज मात्र कधी कधी फक्त सोसायटीच्या दप्तरात नोंदलेलं असतं, म्हणून सोसायटीच्या पत्रात ‘कोणताही बोजा नाही’ हे शब्द मागून घ्या.

वकीलबाईंनी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर मालकाचं नाव टाकून दावे बघितले आणि दोन वर्तमानपत्रांत पंधरा दिवसांची जाहीर नोटीस दिली. नोटिशीचं नाव काढलं की मालक रागावतात, ‘आमची बदनामी होते’ म्हणतात. रागावू द्या. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, दुय्यम निबंधक कार्यालय दस्त नोंदवतं, मालकी तपासत नाही. नोंदणी झाली म्हणजे गाळा निर्वेध, असं समजून कित्येक जण फसतात.

गाळ्यात भाडेकरू बसला असेल तर ‘खरेदी झाली की उठेल’ यावर विश्वास नको. जुना भाडेकरू असेल तर त्याला भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं संरक्षण असू शकतं आणि तुम्ही गाळा घेताच त्याचे नवे मालक होता, एवढंच. वीजबिल कुणाच्या नावावर येतं, भिंतीवरच्या दुकान परवान्यावर नाव कुणाचं, ते बघा. आम्ही करारात लिहून घेतलं : रिकामा ताबा दाखवल्याशिवाय खरेदीखताची तारीख नाही.

पागडीबद्दल दोन ओळी पुरेत. शहरातल्या पेठांत आणि मुंबईत बरेच गाळे पागडीचे. तिथे तुम्ही मोठी रक्कम देऊन भाडेकरू होता, मालक होत नाही. पुढे विकताना घरमालकाचा वाटा द्यावा लागतो आणि त्याची संमती लागते. धंदा तिथे उत्तम चालतो, पण त्याला ‘घेतला’ म्हणू नका, आणि कर्ज मिळण्याची आशा फार ठेवू नका. नवी मुंबईत सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची, तिथे हस्तांतर शुल्क धरून चला.

मग भाव

एवढं झाल्यावर किमतीला बसायचं. खरं तर आता तुमची बाजू वरचढ असते, कारण कागद पाहिलेला ग्राहक एजंटलाही क्वचित मिळतो.

चौथ्या मिनिटाला वाक्य येतं : “व्हाइट किती, ब्लॅक किती?” आम्हाला सरसकट ६०-४० सांगायचे. नीतीचा प्रश्न बाजूला ठेवा, नुसता व्यवहार बघा. बँक कर्ज देते ते करारातल्या किमतीवर. साठातले चोवीस रोख म्हटले तर करार ३६ चा आणि त्याच्या ६० टक्के म्हणजे कर्ज २१ लाख ६० हजार. पदरचे २४ पुरणार होते, ते ३८ लाख ४० हजार लागतात. शिवाय मिळकतीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला आयकर कायद्यात बंदी आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा. व्यवहार फिसकटला तर त्या चोवीस लाखांची पावती कुठे? मी सरळ सांगायची, “काका, माझं सगळं बँकेतूनच येतंय, घरात रोख नाहीच.” हे खरं होतं आणि वादही होत नव्हता.

उलट टोकाची अडचणही येते. रेडी रेकनरमध्ये, म्हणजे मिळकतींच्या सरकारी दरांच्या तक्त्यात, दुकानांचा दर वेगळा आणि चढा असतो, त्यामुळे गल्लीतल्या पडेल गाळ्याची खरी किंमत कधी सरकारी मूल्यापेक्षा कमी निघते. समजा तुमचा सौदा साठचा आणि सरकारी मूल्य ७२ लाख. मुद्रांक शुल्क ७२ वर, म्हणजे ५,०४,०००. एवढ्यावर भागत नाही : फरक दहा टक्क्यांपेक्षा जास्त असल्याने ते बारा लाख आयकराच्या दृष्टीने तुमचं उत्पन्न ठरू शकतं. म्हणून भाव पक्का करण्याआधी वकिलाकडून किंवा नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून मूल्यांकन काढा. फरक मोठा असेल तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयाचा, म्हणजे शुल्क किती लागतं ते ठरवून घेण्याचा, रस्ता आहे. वेळखाऊ आहे, पण आहे.

टोकन. “आज टाका ताई, उद्या मुंबईची पार्टी येतेय.” ही मुंबईची पार्टी गेली दोन वर्षं दर उद्याला येतेय. आम्ही तेराव्या गाळ्याला तिला घाबरलो आणि ५१,००० चा चेक दिला, पावतीवर नुसतं ‘गाळ्यापोटी मिळाले’. नकाशात गडबड निघाली आणि पैसे परत यायला चार महिने लागले, तेही मालकाच्या सासऱ्यांना मध्ये घालून. त्यानंतरच्या विसारपावतीत आमचं हे वाक्य ठरलेलं असायचं : “मंजूर नकाशा, भोगवटा पत्र अथवा मालकी हक्क यांत दोष आढळल्यास किंवा बँकेने कर्ज नाकारल्यास संपूर्ण रक्कम आठ दिवसांत बिनव्याजी परत करण्यात येईल.” खाली किंमत, कार्पेट क्षेत्र, ताब्याची तारीख आणि मागची बाकी कोण भरणार ते. या वाक्यावर सही न करणाऱ्या मालकाचा गाळा घेऊ नका. बिल्डरकडून नवा गाळा घेत असाल तर नोंदणीकृत कराराशिवाय त्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, रेरा कायदाच तसं सांगतो. बांधकाम चालू असलेल्या गाळ्यावर जीएसटी लागतो, पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या गाळ्यावर नाही. दोन गाळ्यांच्या भावाची तुलना करताना हे विसरायला होतं.

नोंदणीच्या टेबलापर्यंत

कर्जाची फाइल साठेखतानंतर हलते. बँकेचा इंजिनिअर येऊन माप घेतो. तुम्ही आधीच टेप लावली असेल तर त्याच्या आकड्याने धक्का बसत नाही.

किंमत किंवा सरकारी मूल्य ५० लाख किंवा जास्त असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून तुम्हीच सरकारजमा करायचा. साठ लाखांवर ६०,०००. हे मालकाला पहिल्याच बैठकीत सांगा, नाहीतर शेवटच्या चेकच्या वेळी ‘माझे साठ हजार कापले’ म्हणून तो उठून जातो. आमच्या समोर एकाचा सौदा असाच मोडला. मालक अनिवासी भारतीय असेल तर दर बराच वेगळा, तिथे सीएशिवाय पाऊल टाकू नका.

खरेदीखताचा मसुदा दोन दिवस आधी मागून घरी शांतपणे वाचा. चतुःसीमा, गाळा क्रमांक, क्षेत्र आणि नावाचं स्पेलिंग. आमच्या मसुद्यात गाळा क्रमांक ४ चा १४ झाला होता, आणि चौदा नंबरला सलून आहे. सह्या झाल्यावर दस्त चार महिन्यांच्या आत नोंदवावा लागतो, पण कुणी तेवढं थांबू नये. सही आणि नोंदणी एकाच दिवशी उरका. मूळ पॅन, आधार, ई-चलन आणि दोन साक्षीदार. साक्षीदारांना त्या दिवशी दुसरं काम ठेवू नका म्हणावं, सर्व्हर बंद पडला की चारचे सात होतात. शेवटचा चेक मालकाच्या हातात द्यायचा तो अंगठा आणि फोटो झाल्यावर, आणि चावी त्याच टेबलावर घ्यायची.

ताबा मिळाल्यावरचा पहिला महिना

इंडेक्स टूची प्रत घेऊन क्रमाने फिरा : सोसायटीत भागदाखला नावावर, करसंकलन कार्यालयात नाव, महावितरणमध्ये मीटर. सोसायटी हस्तांतराचा प्रीमियम म्हणून महापालिका हद्दीत २५,००० पेक्षा जास्त मागू शकत नाही. ‘बिल्डिंग फंडाला काहीतरी द्या’ अशी मागणी आली तर ठराव आणि पावती मागा, पुष्कळदा मागणीच मावळते. जीएसटी नोंदणीतला पत्ता पंधरा दिवसांत बदलायचा आहे, दुकान परवान्यावरचाही बदलून घ्या. बोर्डावर मराठी देवनागरीत हवी आणि तिची अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नकोत, हे पेंटरला आधीच सांगा. आमच्याने आधी इंग्रजी मोठं काढून ठेवलं होतं, दोन हजारांचा फ्लेक्स वाया गेला.

आणि पहिल्याच दिवशी शटरची दोन्ही कुलपं बदला. आमच्या गाळ्याची एक चावी आधीच्या मालकाकडे राहिली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोहोचले तर शटर अर्धं वर आणि ते गृहस्थ माळ्यावरून जुना काचेचा शोकेस उतरवत होते. “तुम्ही यायच्या आत नेणार होतो,” म्हणाले. शोकेस कुणाचा, हे करारात लिहायचं राहून गेलं होतं.